काय लिहू, मिसबाई?

भास्कर गुरुजी विचारल्याशिवाय खडू उचलत नसत. मलकापुरात आमच्या चौकात, रसवंतीच्या शेजारी, निधनवार्तेचा एक काळा फळा आहे. गावात कोणी गेलं की त्यावर नाव, वय, घराचा पत्ता आणि अंत्ययात्रेची वेळ लिहितात. कामाला निघालेली माणसं गाडीचा वेग कमी करून ते वाचतात आणि पुढे जातात. कितीतरी वर्षं हा फळा गुरुजींनी लिहिला, आणि फुकट लिहिला. आधी ते मयताच्या घरी जायचे, दाराशी चपला काढायचे, खाली बसायचे आणि म्हणायचे, "काय लिहू?" यंदा ते स्वतः गेले तेव्हा त्यांचं नाव दुसऱ्याच कोणीतरी लिहिलं. त्याखाली 'समाजाचे आधारस्तंभ' असंही होतं. घरच्यांना कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या शाळेत. मी तिथे इंग्रजीतून समाजशास्त्र शिकवते. पहिल्या सत्रात व्हरांड्याच्या भिंतीवर 'जगातले लोक' असं मोठं चित्र काढायचं ठरलं होतं, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक म्हणून गुरुजींना बोलावलं होतं. पायजमा, बाह्या दुमडलेला शर्ट, कानामागे ब्रश, आणि ज्या स्टुलावर मी बसलेही नसते अशा डगडगत्या स्टुलावर ते आरामात उभे होते. भिंतीवर चार चेहरे तयार होते. त्यांच्या खालच्या पट्ट्या रिकाम्या होत्या.

"मिसबाई, तुमी समाजशास्त्राच्या ना? या बर्फातल्या मानसाले एस्किमो म्हनलं तर चालते का आता?"

"इनुइट म्हणतात," मी म्हणाले.

"आन् याले? आमच्या पुस्तकात नीग्रो होतं. मी नोकरीभर तेच शिकवलं."

"ते आता लिहायचं नाही. ज्या देशाचा माणूस, त्या देशाचं नाव लिहा."

"देश कोनता?"

चेहऱ्यावरून देश सांगता येत नव्हता. तो त्यांनी कुठल्या तरी जुन्या तक्त्यावरून उतरवला असणार. "केनिया," मी अंदाजाने सांगितलं.

"बरं. पुढं चालून हेबी बदलन का?"

"ते मला नाही माहीत."

"मलेबी नाई. मी कायम एक शब्द मांगं असतो, मिसबाई. शिकतो तवर तो बाद होऊन जाते."

मला हसू आलं. मी सहसा अनोळखी माणसासमोर हसत नाही. तेवढ्यात त्यांनी ब्रश रंगात बुडवला आणि भिंतीकडेच बघत विचारलं, "आन् तुमचं आडनाव काय म्हनलं?"

"इंगळे."

"कोनचे इंगळे?"

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न गावाचा नसतो. इंगळे आडनाव कुणब्यांत आहे आणि आमच्यातही आहे. 'कोणचे' म्हणजे त्या दोघांपैकी कोणते, एवढंच विचारायचं असतं. या प्रश्नाला द्यायचं उत्तर मी शाळकरी वयातच तयार केलं होतं.

"इथलेच. मलकापूरचे."

"बरं," गुरुजी म्हणाले आणि 'इनुइट' लिहायला लागले.

त्या 'बरं'चा मी कितीतरी दिवस विचार केला. त्यात काय होतं? ऐकलं, की ओळखलं?

मी स्वतः इंग्रजी शाळेत शिकले. तिथे जात हा शब्द कोणी उच्चारत नसे. 'कम्युनिटी' म्हणत, तेही आवाज जरा खाली करून. आता मी शिकवते त्या शाळेच्या स्टाफरूममध्ये 'कॅटेगरी' म्हणतात. "ती कॅटेगरीतून लागली ना?" एवढंच. शब्द अगदी स्वच्छ आहे, सरकारी आहे, त्याच्यावर कोणाला आक्षेप घेता येणार नाही. पण तो बोलताना ओठ ज्या पद्धतीने किंचित वळतात, ते वळण मला ओळखता येतं.

त्या स्टाफरूममध्ये माझी एकच मैत्रीण होती, स्नेहल. ती गणित शिकवते. मधल्या सुट्टीत आमचे डबे एकत्र उघडत. आईने केलेला ठेचा तिला इतका आवडायचा की ती माझ्या डब्यात आधी हात घालायची. एकदा बोलता बोलता म्हणाली, "तू बरी, ओपनमध्ये असून परमनंट झालीस. नाहीतर आजकाल कॅटेगरीवाल्यांपुढे आपलं काय चालतं!" 'आपलं' म्हणताना तिने माझ्या हातावर टाळी दिली. त्या दिवसापासून मला एकच धास्ती होती. हे बिंग माझ्या तोंडून नाही, तर दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून फुटेल, आणि त्या दिवशी डबे वेगळे होतील.

आणि ते फोडू शकेल असा एकच माणूस शाळेत होता. स्टुलावरचा.

मी गुरुजींवर लक्ष ठेवायला लागले. ते बोलत सगळ्यांशी, पण एकसारखं नाही. माझ्याच वयाच्या स्नेहलला ते "अवं पोरी, उन्हात काऊन उभी?" म्हणायचे, आणि मला "तुमी". हा मान होता की अंतर, याचा निर्णय मला करता येईना. शिपायाने आणलेला चहा सगळ्यांनी घेतला की ते घेत. मी ट्रे पुढे केला तेव्हा म्हणाले, "नको, आत्ताच झाला." खरंच झाला होता का, हे मी शिपायाला विचारलं. झाला होता. नवरात्रात एक दिवस स्नेहल डबा खायला आली नाही, तर मला वाटलं, झालं, सांगितलं म्हाताऱ्याने. तिचा उपवास होता.

रोज स्कूटीवरून जाताना मी चौकातला फळाही वाचायचे. अक्षर फार सुंदर होतं, ठसठशीत, शिरोरेघ एका दोरीत. पण मी वाचायचे ते वेगळंच. कोणाच्या नावापुढे काय लावलं आहे? मोठ्या घरातला कोणी गेला तर 'प्रतिष्ठित शेतकरी' किंवा 'आदर्श माता'. आमच्या वस्तीतला कोणी गेला तर नाव, वय आणि 'पंचशीलनगर येथून'. बस. नगराचं नाव किती चांगलं आहे! पण मलकापुरात ते वाचून कोणालाही पुढचं सांगावं लागत नाही. आमच्या वस्तीची नावं बदलत आली. सगळ्यात जुनं मी इथे लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग हरिजन वाडा, मग दलित वस्ती, मग पंचशीलनगर. शेवटचं आम्ही स्वतः ठेवलेलं. तरी रिक्षावाल्याला ते सांगितलं की तो क्षणभर आरशात बघतो.

एका रविवारी मी आबांना, म्हणजे माझ्या आजोबांना, शाळेतल्या पेंटर गुरुजींबद्दल सांगितलं. आबा जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये होते. हमाल म्हणून लागले आणि मुकादम म्हणून निवृत्त झाले. छातीत कापूस बसला होता, त्यामुळे दोन वाक्यांत एकदा थांबायचे.

"भास्कर? तो अजून ईचारते का वं?" आबा खोकत हसले. "त्याले ईचारायले म्या शिकवलं."

आबांचे वडील वारले तेव्हाची गोष्ट. गुरुजी तेव्हा नवे मास्तर होते. त्यांनी मोठ्या हौसेने फळ्यावर लिहिलं, 'हरिजन वाड्यातील ज्येष्ठ'. आबा चौकात गेले, खांद्यावरचा दुपट्टा हौदात भिजवला आणि तेवढाच शब्द पुसला. बाकीचं तसंच ठेवलं. गुरुजी धावत आले.

"काऊन पुसलं? चांगला शब्द हाये. देवाची मानसं."

"चांगला हाये ना? मंग तू घे. तुह्या वाड्यावर लिहून देऊ?"

गुरुजी पाटलांच्या घरातले. चौकात पाचपन्नास माणसं उभी होती. आबा सांगत होते, "वाटलं आता मले मारते. पन गप राह्यला. खडू खिशात ठेवला आन् गेला."

पुढे त्यांनी 'दलित' लिहिलं. ते चाललं, पण वस्तीतल्या काहींना नको होतं. म्हणून मग 'नवबौद्ध' लिहिलं. आबा पुन्हा गेले. "नव काऊन? काल आलो का आमी?" तेव्हापासून गुरुजी दारात येऊन विचारायला लागले.

"मग चांगलेच आहेत की ते," मी म्हणाले.

आबा थांबले. श्वास घेतला. "चांगला का वाईट, मले अजून समजलं नाई. तो दूध बदलत राह्यला, पोरी. भांडं घासलं का नाई, ते कोनाले दिसते?"

हे मला पटलं, कारण माझ्याही मनात तेच होतं. आणि मी आबांइतकी धीट नसले तरी या एका गोष्टीत मला थांबता येईना. भिंतीचं काम संपायला आलं होतं. व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "गुरुजी, तुम्ही सगळ्यांना विचारता का, काय लिहू म्हणून? की फक्त आम्हाला?"

'आम्हाला' हा शब्द निसटला. तो परत घेता आला नसता.

गुरुजींनी ब्रश पुसला. फार वेळ पुसला. "पैले कोनालेच नाई ईचारत होतो. मंग फकस्त तुमच्या वस्तीत ईचारायले लागलो, भेवानं. तुमच्या आबानं चौकात माही इज्जत काढली होती. मंग वाटलं, एकाच दारी ईचारलं तर तेबी वाईटच दिसते. म्हनून समद्याइले ईचारतो. आदर बिदर मनात आला असंन तर लय उशिरा."

म्हणजे आबा कोण, हे त्यांना माहीत होतं.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तुमी 'मलकापूरचे' म्हनलं ना, तवाच. कुनब्याची पोरगी असती तर गावाचं नाव, मामाचं नाव, वाड्याचं नाव, समदं सांगून मोकळी झाली असती."

माझं इतक्या वर्षांचं उत्तर, आणि त्याचा हा असा अर्थ.

"मग विचारलं तरी कशाला तुम्ही? कोणचे इंगळे म्हणून?"

"सवय," गुरुजी म्हणाले. "हात सुधारला माहा. तोंड नाई सुधारलं. तोंडाले कोनी ओला दुपट्टा लावला नाई."

"कोणाला सांगितलंत?"

"नाई."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. खरं बोलणारा माणूस कसा दिसतो, हे मला तेव्हाही कळत नव्हतं, आताही कळत नाही. त्यांनी पट्टीवर केनियाचा शेवटचा काना पुन्हा एकदा गिरवला आणि मला विचारलं, "बरोबर हाये?" मी मान हलवली.

मार्चमध्ये आबा गेले. पहाटे श्वास लागला आणि उजाडेपर्यंत सगळं संपलं. ऊन वर यायच्या आत गुरुजी आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. चपला काढल्या, बाबांच्या समोर सतरंजीवर बसले. आबांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं. मग बाबांना विचारलं, "काय लिहू?"

बाबांनी नाव सांगितलं, वय सांगितलं. मग माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, "पत्ता स्टेशन रोड लिहा गुरुजी. पंचशीलनगर नका लिहू. पोरीच्या शाळेतले लोक त्याच चौकातून जातात."

बाबांना हे मी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या डब्याची, माझ्या धास्तीची त्यांना खबर आहे, हेही मला तेव्हा कळलं. आई कोपऱ्यात रडायची थांबली होती.

स्टेशन रोड हे खोटं नव्हतं. आमची गल्ली त्या रस्त्यालाच निघते. कोणी बोट ठेवलं नसतं.

गुरुजी बाबांना 'बरं' म्हणाले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "काय लिहू, मिसबाई?"

मला त्यांचा राग आला. वाटलं, हा माणूस जाणूनबुजून मला सगळ्यांसमोर उभं करतोय. बाबांनी सांगितलं होतं ना? मग मला विचारायचं काय कारण? "तुम्हीच ठरवा," मी म्हणाले.

"नाई. मी ठरवलं का चुकते. तो समोर पडला हाये ना, त्याले माहीत होतं."

मी आबांकडे बघितलं. त्यांना आता काही लिहिलं तरी फरक पडणार नव्हता, फरक पडणार होता तो फक्त मला. एवढं मला स्वच्छ दिसलं, आणि ते दिसल्यावर दुसरं उत्तर देता येईना.

"पंचशीलनगर," मी म्हणाले. "बुद्धविहाराच्या मागे, असं पूर्ण लिहा."

"अजून काई?"

"जिनिंगमधले मुकादम लिहा. ज्येष्ठ वगैरे नको."

गुरुजी उठले. मला अजूनही भरवसा नव्हता. मी स्कूटी काढली आणि त्यांच्या सायकलीमागून चौकापर्यंत गेले. फळ्यासमोर, त्यांच्या पाठीमागे उभी राहिले. त्यांनी आदल्या दिवशीचं नाव पुसलं, आबांचं लिहिलं. मी सांगितलं तेच, त्याच क्रमाने. मी ते पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मगच घरी गेले.

दुपारी स्नेहल आली. शाळेतल्या आणखी दोघी तिच्याबरोबर होत्या. त्या दाराच्या अलीकडे घुटमळल्या, स्नेहल आत आली. तिने माझा हात धरला. नंतर म्हणाली, "फळा वाचला." इतकंच. आवाजात काय होतं, मी शोधत होते. तिचे डोळे घरभर फिरत होते, भिंतीवरच्या फोटोंवर, वंदनेची तयारी करणाऱ्या माणसांवर. मग परत माझ्याकडे आले आणि खाली गेले.

बाहेर मांडवात ऊन तापलं होतं. शेजारच्या काकू तांब्या आणि स्टीलचे गिलास घेऊन सगळ्यांना पाणी देत होत्या. मी आणि गुरुजी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसलो होतो. काकू स्नेहलसमोर थांबल्या. स्नेहलने गिलास घेतला.

मी बघत होते. गुरुजीही बघत होते. त्यांची मान माझ्याइतकीच ताठ झाली होती.

स्नेहलने गिलास वर धरला, तोंड उघडलं आणि पाणी वरून ओतून प्यायली. ओठ न लावता. गिलास रिकामा करून काकूंना परत दिला.

आमच्याकडे लोक वरूनच पितात. तांब्याचं, गिलासाचं, बाटलीचं. शाळेत ती माझ्या बाटलीतलं पाणीही वरूनच प्यायची. आणि कोणाच्या घरच्या भांड्याचा विटाळ टाळायचा असेल, तरी माणूस अगदी असंच पितो.

गुरुजी हळूच माझ्या बाजूला झुकले. "पेली," ते म्हणाले.

"वरून प्यायली."

"हाव. वरून." त्यांनी थोडा विचार केला. "त्याच्यावरून काईच सांगता येत नाई, मिसबाई. चांगलंबी नाई, वाईटबी नाई."

तेवढ्यात काकू आमच्या बाकाशी आल्या. गुरुजींनी गिलास घेतला. मी आता त्यांच्याकडे बघू लागले. ते त्यांना कळलं. त्यांनी गिलास तसाच हातात धरून माझ्याकडे पाहिलं, जरा चिडून, जरा शरमून.

"पाहा," ते म्हणाले. "पाहून घ्या."

आणि त्यांनी गिलास ओठांना लावला.